बारा मिनिटांत जुनं प्रेम परत

२ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठे दिग्दर्शक लिहितात म्हणे.
शॉर्ट फिल्म करायची हे नक्की. बारा मिनिटं. दोन पुरुष, एक फ्लॅट, अकरा महिन्यांचं प्रेम आणि त्याच्या आठवणी. पूर्णपणे काल्पनिक. नायक दातांच्या कवळ्या बनवतो, कारण मीही तेच करतो, म्हणजे रिसर्चचा त्रास वाचतो. दुसरा फिजिओथेरपिस्ट. तोही काल्पनिक. खरा फिजिओ नऊ वर्षांत एकदाही आठवलेला नाही. (वाढदिवस सोडून. आणि पाठ दुखते तेव्हा.)
ताईला सांगितलं. ती म्हणाली, हो का, मग त्या काल्पनिक माणसाचा स्वेटर अजून तुझ्या कपाटात काय करतोय? बहिणीसोबत एका घरात राहण्याचे तोटे.

५ मार्च
स्क्रिप्ट झाली. शेवट भन्नाट! नायक बॅग उचलून निघतो, फिजिओ जिन्यात रडत रडत ‘जाऊ नकोस’ म्हणतो, नायक मागे वळूनसुद्धा बघत नाही. लिहिताना माझेच डोळे भरून आले. एवढं तटस्थपणे लिहिणं सोपं नसतं.

६ मार्च
लोकेशन हवं. चौथा मजला, अरुंद जिना, पश्चिमेची खिडकी. असा फ्लॅट मला एकच माहीत आहे. फिजिओला फोन केला. निव्वळ कामापुरता. आधी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, बस.
तो म्हणाला, ये की. लगेच! विचार करायलासुद्धा थांबला नाही. समजायचं ते मी समजलो. घरी आता आम्ही दोघं असतो, असंही काहीतरी म्हणाला. मांजर पाळलं असणार.

९ मार्च
मांजर नाही. उंच आहे, चष्मा लावतो, शाळेत भूगोल शिकवतो. सात वर्षांपासून तिथेच राहतो. माझ्याबद्दल बरंच ऐकलंय म्हणाला. म्हणजे फिजिओ माझ्याबद्दल बोलतो. बरंच. नोंद करून ठेवतो.
हा चष्मेवाला फार टिकेल असं वाटत नाही. सात वर्षं म्हणजे काय मोठंसं, सात वर्षं मिक्सरसुद्धा टिकतो.
फिजिओने स्क्रिप्ट वाचली. शेवटच्या पानावर हसला. म्हणाला, अरे, रडत तू होतास. आणि गेलास कुठे? सहा आठवडे जातो जातो म्हणत सोफ्यावर लोळत होतास, शेवटी टेम्पो मीच बोलावला.
माणसाची स्मरणशक्ती किती दगा देते! वाईट वाटलं त्याचं.

१४ मार्च
उद्या शूटिंग. ठराव: फिजिओशी फक्त कामाचं बोलायचं. निळा शर्ट. पोट आत.
ताई म्हणाली, जगात दुसरा पुरुष नाही का रे? मी म्हटलं, हा कलेचा प्रश्न आहे. तिने कपाळाला हात लावला.

१५ मार्च
पोट सकाळी साडेदहापर्यंतच आत राहिलं.
माझी भूमिका करणारा नट माझ्यापेक्षा बुटका आहे आणि प्रश्न फार विचारतो. एवढं प्रेम आहे तर नायक जातो कशाला, म्हणे. मी म्हटलं, स्वाभिमान. त्याने खात्री करायला फिजिओकडे पाहिलं. फिजिओने छताकडे पाहिलं.
साउंडवाली खमकी आहे. फ्रिजची घरघर रेकॉर्ड होते म्हणून तिने तो बंद केला. नंतर चालू करायचा विसरू नये म्हणून या लोकांची एक रीत असते: कुणीतरी आपल्या किल्ल्या त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. किल्ल्यांशिवाय घरी जाता येत नाही, मग फ्रिज आठवतोच. कुणाच्या ठेवू, असं विचारेपर्यंत माझ्या आत गेल्यासुद्धा. माझ्या घराची किल्ली त्याच्या घरात! मी उगाच दिग्दर्शक नाही झालो.
शेवटी तिने खोलीची शांतता रेकॉर्ड केली. संवादांच्या खाली ती लावतात. एक मिनिट सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. माझा सगळा प्लॅन याच मिनिटावर होता. फिजिओकडे ती जुनी नजर टाकायची. विरघळणारच.
त्याने डोळे मिटले होते. चष्मेवाला शेजारी येऊन उभा राहिला, जराही आवाज न करता. फिजिओ त्याच्यावर रेलला. डोळे न उघडता, तिथे भिंत आहे हे माहीत असल्यासारखा.
साठ सेकंद फार असतात. मी अगदी शांत होतो.

१६ मार्च, सकाळ
साउंडवालीचा फोन. ते मिनिट वाया गेलं, कुणीतरी नाक ओढतंय. मी म्हटलं, फ्रिज असेल. ती म्हणाली, फ्रिज बंद होता.
अरे देवा. फ्रिज!
काल नटाच्या गाडीतून आलो, दार ताईने उघडलं. किल्ल्यांची आठवण येणार कशी?

तोच दिवस, दुपार
धावत गेलो. चष्मेवाला एकटाच, गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघर पुसत होता. फ्रीजरचं पाणी पार दारापर्यंत आलेलं. आतलं सगळं फेकून दिलेलं. मला वाटलं, आता हा माझी बिनपाण्याने करणार. त्याने किल्ल्या पुसून हातात दिल्या आणि चहा टाकला. रागावला असता तर बरं झालं असतं.
मग म्हणाला, फिजिओची आई अजून तुम्ही केलेली कवळीच घालते. दुसरी करू म्हटलं की ऐकत नाही. ‘दातवाला कवळी बसवायला चार वेळा घरी आला होता, मला सांभाळत जिना उतरवायचा,’ असं सगळ्यांना सांगते. तुमची चौकशी करते.
मी हे साफ विसरलो होतो. बारा मिनिटांच्या स्क्रिप्टमध्ये याची एक ओळ नाही. जिन्यातल्या रडारडीची तीन पानं आहेत.
तिथेच रडलो. चष्मेवाल्याने फरशी पुसायचं फडकं पुढे केलं, मग ओशाळून रुमाल दिला. माणूस चांगला आहे. हे लिहायला मला दोन तास लागले.

२० मार्च
शेवट बदलून पुन्हा शूट केला. नायक सोफ्यावर. टेम्पो येतो. नट म्हणाला, आता पटतंय.

२९ मार्च
फिल्म तयार. नऊ मिनिटांची झाली.
शेवटच्या नावांमध्ये फिजिओसाठी मी साडेतीन ओळी लिहिल्या होत्या. ज्याच्यामुळे प्रेमाचा अर्थ कळला, वगैरे. त्याला पाठवल्या. उत्तर आलं: फिल्म छान आहे, मनापासून. पण लोकेशन म्हण फक्त. आणि त्याचंही नाव घाल, घर दोघांचं आहे.
घातलं. लोकेशन सौजन्य, खाली दोघांची नावं, मध्ये ‘आणि’. मीच टाइप केला. एका ओळीत नीट बसली.
साउंडवाली म्हणाली, एका ओळीला चार सेकंद पुरतात. मला तेवढ्यात काही वाचून होईना, म्हणून सहा सेकंद ठेवली.
माझं नाव त्याच्या आधी येतं. एकटंच. फॉन्ट मोठा केलाय.