खांबावरचं गाणं

सोटगोल,
चुसॉकच्या सणाआधीचा रविवार

चि. बोराम, अनेक आशीर्वाद.

इथे सगळं ठीक. मिरच्या वाळल्या, तुझ्या सासूबाईंचा गुडघाही कुरकुरत का होईना चालतोय. फोनवर मला बोलायला सुचत नाही, म्हणून कागद घेतला. त्या दिवशीचे आभार राहिलेत.

त्या पावसात तू सोलहून फोनवर होतीस खरी, पण इथली गंमत तुला कळलीच नाही. ओढा चढायला लागला तसा मी सरपंचाच्या तोऱ्यात समाजघरातल्या माइकपुढे बसलो आणि ओरडलो, "खालच्या आळीने ताबडतोब वर या!" दार ढकलून माक्‌सुन आजी आली. "अरे थाक्सू, आम्ही शेजारच्याच खोलीत गातोय. कानात कशाला ओरडतोस?" माझी सूचना म्हाताऱ्यांच्या गाण्याच्या यंत्रावर, आणि गावभरच्या खांबांवरच्या कर्ण्यांतून तुझ्या सासूबाईंचं विरहगीत! त्या अजून ऐकवतात, "उभ्या संसारात माझं गाणं ऐकलं नाहीत, आणि गावाला फुकट ऐकवलंत."

वीज जाऊन आली होती. संगणकाला जोडलेल्या आवाजाच्या दोन्ही डब्या, एक खांबांची, एक गाण्याची, अगदी जुळ्या. यादीत नाव एकच, क्रमांक तेवढा वेगळा. आणि जी आधी जागी होईल तिला पहिला क्रमांक. मी तोच धरून बसलेला. तू म्हणालीस, "बाबा, क्रमांकावर जाऊ नका. यादी मागवायच्या त्याच आज्ञेपुढे मी सांगते ती खूण टाका, म्हणजे कोण कुठल्या रस्त्याने जोडलंय ते दिसेल." टाकली. काळ्या पडद्यावर दोघींपुढे रस्ता उमटला: संगणकातून कुठल्या फाट्याला, फाट्याच्या कितव्या भोकात. तारेवरून बोट फिरवत गेलो, खांबांची डबी हाती लागली, आणि सूचना गावभर गेली. घरांत पाणी शिरलं तेव्हा आत कुणी नव्हतं. गुसिकची गायसुद्धा वर आलेली. आता सूचना मी क्रमांकाला नाही, त्या रस्त्यालाच बांधून टाकलीय.

मी चाचपडत शिकलेला माणूस. आमचा इन्हो गेला त्या हिवाळ्यात मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. त्याचा संगणक माझ्यापुढे ठेवून तू म्हणालीस, "बाबा, बसा. बिघडलं तर मी आहे." नवरा तुझा गेलेला, आणि उभं तू मला केलंस. हे आजवर बोललो नाही.

आणखी एक. त्या दिवशी फोनमध्ये तुझ्या मागून एक पुरुषाचा आवाज म्हणाला, "सावकाश सांग, घाबरले असतील ते." मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग तुझा निरोप आला, यंदा चुसॉकला काम आहे, जमणार नाही. तुझ्या सासूबाई तीळ निवडता निवडता म्हणाल्या, "काम कसलं! आपल्याला काय वाटेल म्हणून पोरगी भितेय."

"मग लिहू?"

"लिहा. आणि त्याला भात किती लागतो तेही विचारा."

बोराम, इन्होच्या नावाचं ताट आम्ही मांडू. त्यापुढे तू सून म्हणूनच बसावंस असं नाही. उद्या तुला काय म्हणायचं ते लोकांचं लोक बघतील. घरची वाट तीच आहे, पूल ओलांडलास की डावीकडे. पुरात कठडा वाहून गेलाय, तेवढं जपून या, दोघंही. त्याला सांग, त्याचा फोनमधला आवाज मायेचा आहे.

जास्तीची एक गादी उन्हात टाकलीय.

तू मला काय म्हणशील ते म्हण. सही मात्र जुनीच करतो.

बाबा