काळ्या पडद्यावरचा टायपिंगचा वर्ग

मॅडम, आमचा कॉम्प्युटर पासवर्ड टाकेपर्यंत शहाण्यासारखा वागतो आणि त्यानंतर काळा ठिक्कर पडतो. ही तक्रार नाही हं, मी मोठ्या खुशीत सांगते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कॉम्प्युटर म्हणजे काय इथूनच सुरुवात करायला हवी. तुम्ही असं समजा, आपल्या टायपरायटरला कागदाऐवजी टीव्हीसारखा पडदा जोडला आहे. कळा त्याच आहेत आणि तुम्ही जिथे ठेवून गेलात तिथेच आहेत.

बर्डीच्या बाजारात, कापडाच्या दुकानाच्या माडीवर तुमचा टायपिंगचा क्लास होता. कूलर एकच, आणि त्याचं तोंड तुमच्याकडेही नाही अन् आमच्याकडेही नाही, मशिनींकडे. कोणी कुरकुर केली की तुम्ही म्हणायच्या, ‘‘पोरी घरी जाऊन पाणी पितीन. मशिनीले कोण पाजते?’’ मी नवीन होते आणि बोटांकडे पाहिल्याशिवाय मला एक अक्षर उमटवता येत नव्हतं. एके दुपारी तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात. ‘‘खाली काय पाहून राहिली वं? अक्षरं पळून चालली का?’’ असं म्हणून तुम्ही कपाटातून जुन्या लुगड्याचा, नाड्या शिवलेला एक तुकडा काढला, त्याच्या नाड्या माझ्या मानेमागे बांधल्या आणि खालची कड मशिनीला चिमट्यांनी अडकवली. माझे दोन्ही हात त्या कापडाखाली गडप! साऱ्या पोरी खिदळल्या. कोणीतरी त्याला लाळेरं म्हटलं आणि तेच नाव पडलं. मी त्या लाळेऱ्याखाली रडत रडत टाईप करत राहिले, तुम्ही ढिम्म हलला नाहीत. पुढे हसणाऱ्यांच्याही गळ्यात ते आलं, तेव्हा कुठे माझा जीव थंड झाला.

मला ऑफिसात नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन आले आणि तुम्ही मला ते लाळेरं दिलंत, धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला वाटलं होतं, निदान पेन तरी मिळेल. लग्नानंतर सासूबाईंनी ते लोणच्याच्या बरणीवर बांधलं आणि ते तिथेच राहिलं. रागावू नका, कापड पक्कं निघालं.

आता मी रिटायर झाले, आमचे हेही झाले. पोरगी आपल्या संसारात. हुडकेश्वरच्या घरात आम्ही दोघंच, आणि दोन माणसं किती बोलणार? चहा झाला का, भाजी काय आणू, गॅस बंद केला का, संपलं. अशात नरखेड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेतून फोन आला. तिथल्या मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या. शाळेत कॉम्प्युटर आले आहेत, बारावी झालेल्या पोरी आहेत, मराठी टायपिंग शिकवायला माणूस नाही. मी घरूनच, कॉम्प्युटरवर एकमेकींना पाहत पाहत शिकवायचं. त्या म्हणाल्या, ‘‘पण पहिला दिवस चांगला झाला पाहिजे बरं. पोरी आजूबाजूच्या गावांतून एसटीनं येतीन. एक चक्कर फुकट गेली, तं त्यांचे बाप दुसऱ्यांदा पाठवत नाहीत.’’

मॅडम, मला रात्री झोप येईना इतका आनंद झाला. मी यांना सांगितलं, तर हे पेपर खाली न करता म्हणाले, ‘‘या वयात कोणाले शिकवतं वं? आराम कर की.’’ बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मला ते लागलं.

तो दिवस उजाडला. मी इस्त्रीची साडी नेसून, वेणी घालून आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले. पासवर्ड टाकला आणि पडदा काळा. बंद केला, सुरू केला. पासवर्डची पाटी झोकात दिसते, तो टाकला की पुन्हा अंधार. वायरी काढून, पुसून होत्या तशाच परत लावल्या. दुकानातल्या मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला, ‘‘काकू, पाहिल्याशिवाय काय सांगू? उद्या येतो.’’ तेवढ्यात शाळेतून फोन आला, पोरी येऊन बसल्यात, तुम्ही कधी दिसता? मी म्हटलं, आलेच. कुठून येणार होते, माझं मला ठाऊक. हे भाजी आणायला गेले होते, म्हणजे चिडायलाही घरात कोणी नव्हतं.

मग मी काय केलं असेल? हात कळांवर ठेवले. लिहायचं पान उघडायला ज्या कळा मी ऑफिसात रोज दाबत होते त्या दाबल्या आणि काळ्या पडद्यावर तुम्हालाच लिहायला लागले. तुम्ही बजावायच्या की बोलताना ‘मले’ म्हणा, लिहिताना ‘मला’. पण रडताना एवढं कोण पाहतं? मी लिहिलं, मॅडम, मले रडू येऊन राहिलं. पोरी तिकडे बसल्या आहेत अन् इथं अंधार हाय. आमचे हे म्हणत होते तेच खरं झालं. ते आता पेपरातून तोंडसुद्धा वर करणार नाहीत, अन् मले त्याचंच जास्त वाईट वाटते.

फाटक वाजलं, पिशवी ठेवल्याचा आवाज आला. हॉलमधला टीव्ही लागला. आणि मग यांचा आवाज, हळू, एकेक शब्द सोडवत वाचल्यासारखा: ‘‘पेपरातून... तोंडसुद्धा... अव माय! अवं, तू टीव्हीत काय करून राहिली?’’

मी धावत बाहेर गेले. माझी सारी कर्मकथा भिंतीवरच्या टीव्हीवर, ही एवढाली अक्षरं! एक चूक नव्हती मॅडम, वेलांटीसुद्धा जागेवर. आदल्या रात्री यांनी भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ मोठ्यावर पाहायचा म्हणून लांब वायर टाकून कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता आणि ती तशीच राहिली होती. कॉम्प्युटर सकाळपासून धडधाकट होता. पासवर्डनंतरचं चित्र तेवढं बिचारा हॉलमध्ये दाखवत होता आणि हॉलमधला टीव्ही बंद होता.

यांनी टीव्हीवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, ‘‘हे मी म्हटलं ते तुले इतकं लागलं?’’ मी म्हटलं, ‘‘अहो, ते नंतर! पोरी बसल्यात!’’ वायर उपटली तर उरलंसुरलंही जाईल, ही आम्हा दोघांनाही धास्ती. म्हणून मी आत धावले आणि हे टीव्हीसमोर उभे राहून ओरडू लागले. ‘‘बाण डावीकडे घे. अजून. वर, वर... अवं, माझं डावं! हां, दाब!’’ मी दाबलं. आणि हॉलमधून साऱ्या पोरींचा एकदम आवाज आला, ‘‘नमस्ते मॅडम!’’

पोरींना मी दिसत होते, मला मात्र एक पोरगी दिसेना. मी लोणच्याच्या बरणीवरून लाळेरं सोडून आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं, हळदीच्या तेलाच्या डागासकट. तुमच्याबद्दल सांगितलं. मग म्हटलं, आता प्रत्येकीनं आपली ओढणी हातांवर टाका. तिकडे जी धांदल उडाली! आणि इकडे आमच्या यांना अचानक हुरूप चढला. हॉलमधून हाक आली, ‘‘हिरवी ओढणी खाली पाहून राहिली!’’ मी लगेच कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, ‘‘हिरवी ओढणी, खाली काय पाहून राहिली वं? अक्षरं पळून चालली का?’’ ती पोरगी तोंडात ओढणी कोंबून हसत सुटली, असं यांनीच मागून सांगितलं. तुमचं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं मॅडम, काय सांगू! संध्याकाळी फोन आला की पोरी विचारत आहेत, पुढच्या वेळी ते बाहेरचे सरही असतीन ना?

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला आणि हसला. दोन कळा एकदम दाबायच्या, चित्र आपल्या जागी परत येतं, काकू. दाबू का? मी म्हटलं, राहू द्या, चहा घ्या. तेव्हापासून आमचा वर्ग असाच भरतो. मी आत काळ्या पडद्यासमोर, आणि सर हॉलमध्ये, दाढी करून, नवा शर्ट घालून. जेवताना दोघं बोलतो ते पोरींबद्दलच. कोणाचं बोट सुटलं, कोणाची एसटी चुकली, हिरव्या ओढणीच्या बापानं आमच्यासाठी संत्री पाठवायची म्हटलं. बोलता बोलता हात वाळतात ताटात.

हे पत्रही मी आत बसून, लाळेरं बांधून, काळ्या पडद्यावरच टाईप करते आहे. ते पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पण यात एक गोष्ट लिहायची राहिली. त्या दिवशी मला तुम्ही शिकवलेल्या बोटांनी सावरलं, पण वर्ग भरवला तो आमच्या यांनी. तोंडावर सांगितलं तर हे हसण्यावारी नेतील, म्हणून कधी सांगितलं नाही.

आणि एक कबूल करते. हे जेवून हॉलमधल्या दिवाणावर आडवे झालेत. टीव्ही सुरू आहे की बंद, ते मी उठून पाहिलेलं नाही. यांचं घोरणं मात्र मघापासून ऐकू येत नाही.