बेकरीवाल्याचा काटा आणि माझं वय

३ मार्च, सकाळी ७
लॅबचा रिपोर्ट आला, रक्तावरून शरीराचं वय सांगणारा. माझं वय पन्नास, शरीराचं अठ्ठावन्न. बाबा बावन्नाव्या वर्षी गेले. म्हणजे हिशोबाने मला जाऊन सहा वर्षं झाली. घाबरलो नाही. फक्त तीनदा जिना चढून पाहिला.

४ मार्च
उपाय सापडला. आहाराचा बॅलन्स. प्रोटीन, कार्ब, फॅट, तिन्ही मोजूनमापून. सत्तावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय, मापात मला कोण शिकवणार? दुकानातून बेकरीवाल्याचा काटा घरी आणला. दुरुस्तीला आला होता. बहुतेक केलाय.

६ मार्च
बायको म्हणाली, मोजेपर्यंत भात गार होतो. तिला विज्ञानाचं वावडं आहे.

११ मार्च
मोठा शोध. आठ बदाम ठेवले, शून्य. मूठभर ठेवले, शून्य. चमचाभर लोणी, तेही शून्य. लोक फॅटची उगाच धास्ती घेतात. माझा तर रोजचा कोटाच भरत नाही. प्रयत्न चालू.

२० मार्च
काटा कधी मिळेल, असं बेकरीवाला फोनवर विचारत होता. चाचणी चालू आहे म्हटलं. खोटं नाही.

२ एप्रिल
पँटचं बटण लागत नाही. स्नायू वाढलेत. स्नायू फक्त पोटावरच कसे, असं बायकोने विचारलं. बदाम मोजायला घेतले. वादात ऊर्जा जाते.

१९ एप्रिल, दुपारी
जेवणानंतर पुन्हा जिना. दाढी करताना आरशात बाबा दिसले होते. भीती वाटते. लिहून टाकलं, आता वाटणार नाही.

२० एप्रिल
वाटते.

१ जून
पुन्हा रक्त दिलेलं, उद्या रिपोर्ट. पंचेचाळीसच्या वर गेलो तर नाव बदलेन.

२ जून
एकोणसाठ. लॅबची चूक असणार.
दुपारी बेकरीवाला स्वतःच दुकानात आला. घरून काटा आणून पुढे केला. त्याने दोन बिस्किटं ठेवली, शून्य. म्हणाला, पन्नास ग्रॅमच्या आत हा हलतच नाही, हेच तर सांगून गेलो होतो. काटा उलटा केला तर खाली चिठ्ठी चिकटवलेली. तेच लिहिलं होतं. अक्षर माझं. बेकरीवाला काटा तिथेच ठेवून गेला.
घरी बायकोला सांगितलं, आता मला जाऊन सात वर्षं झाली. तिने न मोजता भात वाढला. म्हणाली, गेलेली माणसं पुन्हा वाढ, असं म्हणत नाहीत.
दोनदा घेतला. गरम होता.
उद्या काटा दुरुस्त करायचा.