साहेबांच्या नाकाला काम

९ जून

चि. चिंगीस,

अ. उ. आ. तू सुखरूप असल्याचं कळलं. जेवण "बरं आहे" असं लिहिलंस, त्यावरून ते कसं आहे तेही कळलं.

फोन करू नकोस म्हणालो त्याचा राग धरू नकोस. शिलाई मशीनच्या खडखडाटात उभा जन्म गेला, माझे कान कामातून गेलेत. तुझं अर्धं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला मी नुसतं हो हो करतो. तेही चालवून घेतलं असतं. पण तुझ्या कुत्र्याचे कान शाबूत आहेत. रविवारी फोनमधून तुझा आवाज आला आणि साहेब उठून घरभर तुला शोधत सुटले. तुझं कपाट हुंगलं, पलंगाखाली शिरले, शेवटी दाराशी जाऊन बसले ते दिवेलागण झाली तरी हलेनात. असं त्यांना रोज कोण फसवणार? तेव्हा आपलं पत्रच बरं.

खरी काळजी अशी, की साहेब जेवत नाहीत. ताटली पुढे ठेवली की माझ्याकडे असं बघतात, जणू मीच त्यांची विजार आखूड शिवली आहे. मग ठकी येते आणि त्यांचं सगळं चाटूनपुसून साफ करते. त्या मांजरीला तुझी आठवण येते की नाही, देव जाणे. तुझी आत्या रोज संध्याकाळी येऊन साहेबांना दुधात पाव कुस्करून देते, तोही तसाच राहतो. आत्या म्हणते, कुत्र्याचे लाड फार झाले. मी म्हटलं, लाड करणारी गेली म्हणून तर हे चाललंय.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तू गेलीस तेव्हा पंचवीस किलो होते, आता साडेबावीस. ते म्हणाले, आजार काही नाही, मन लागत नाही. त्याच्या डोक्याला आणि नाकाला काम द्या. आता नाकाला काम म्हणजे काय द्यायचं ते तूच सांग. तिकडे लोकांचे दात बनवतेस, तर इकडच्या दातांसाठीही काहीतरी सुचव.

साहेबांना तुझी फार आठवण येते.

आपल्या लोभाची शिवण पक्की आहे, तरी मधूनमधून तिकडून ओढून बघत जा.

तुझे बाबा

१८ जून

ती. बाबांस,

शि. सा. न. पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा अख्खा तास एका आजीबाईंची कवळी तिरकी बसवत राहिले. मालकांनी पाहिलं, पण रागावले नाहीत. स्वभावाने बरे आहेत.

नाकाला काम म्हणजे असं. साहेबांना ताटलीत आयतं वाढायचंच नाही, शोधून खायला लावायचं. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, आत खाऊ घाला आणि दोन्ही टोकं दुमडून द्या. फाडू दे त्यांना खुशाल, कचरा झाला तरी ओरडू नका. जुना टॉवेल पसरून त्यावर खाऊ पेरा आणि गुंडाळी करून द्या. खाऊ घरीच करायचा: गाजर आणि लाल भोपळा उकडून कुस्करा, त्यात ओटचं पीठ आणि एक अंडं, लहान लहान चकत्या करून भाजा. मीठ नाही, साखर नाही, कांदा तर अजिबात नाही. उरलेला भोपळा बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा, दुपारी चाटायला होईल.

ठकीला एक खोकं द्या, त्याला पंजा जाईल एवढी भोकं पाडा, आत सुकी मासळी टाका. पण बाबा, तिच्या वाटेत दोरा येऊ देऊ नका. मांजराच्या पोटात दोरा गेला तर आतडी गोळा होतात. तुमची सगळी रिळं झाकणाच्या डब्यात गेली पाहिजेत. आत्याला तपासायला सांगणार आहे.

सोबत माझे तीन जुने टीशर्ट पाठवते आहे. त्यांच्या पट्ट्या फाडा. एकाची जाड वेणी घालून टोकांना गाठी मारा, ती ओढायला. बाकीच्या पट्ट्या मोरीतल्या रबरी जाळीच्या भोकांतून ओवून गाठवा, म्हणजे दाट गवतासारखी चटई होईल. त्यात खाऊ लपवायचा आणि साहेबांनी नाकाने शोधायचा.

आणि एक खरं सांगा. त्यांचं वजन वीसच्या खाली गेलं तर लगेच कळवा. करार वर्षाचा असला तरी मी सरळ निघून येईन. तुम्ही लिहायचा अवकाश, मी बॅग भरलीच समजा.

आशीर्वाद आहेच, सोबत रागही थोडा असू द्या, म्हणजे घरी असल्यासारखं वाटतं.

तुमची चिंगी

३० जून

चि. चिंगीस,

अ. उ. आ. पार्सल मिळालं. आधी तुझ्या टीशर्टांचं बोलू. अगं, किती मळवलेस! घाम काय, मेण काय, ती तुमची पांढरी पावडर काय. आपल्या घरात कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लागत नाही, हे तू लहानपणापासून बघत आलीस. मी तिन्ही दिवसभर भिजत घातले, दोनदा साबण लावला, उन्हात वाळवले आणि कडक इस्त्री केली. मग खडूने रेघा मारून दोन-दोन इंचांच्या पट्ट्या कापल्या. तू फाडा म्हणाली होतीस, पण माझ्या हातून फाडणं होत नाही. कडांचे दोरे निघतील म्हणून ओव्हरलॉकही मारून घेतलं.

चटई अशी देखणी झाली, की आत्याने पायपुसण्यासाठी मागितली. साहेबांनी ती एकदा हुंगली, माझ्याकडे पाहिलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि दाराशी जाऊन पडले. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझ्या कामाला असं नाक मुरडलं नव्हतं. नळ्या मात्र ते फाडतात, पण खाऊ तसाच टाकतात. फाडायचं म्हणून फाडतात.

चकत्यांचा पहिला घाणा दगड झाला, दुसरा जमला. आत्याने चहाबरोबर त्यातल्या चार खाल्ल्या आणि मीठ विसरलास म्हणाली. कुणासाठी केल्यात ते मी सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. ठकीने खोक्यातली मासळी मिनिटभरात काढली आणि नंतर स्वतःच खोक्यात जाऊन बसली. ती तिथेच राहते आता. रिळं डब्यात आहेत.

काल वजन केलं. साडेवीस.

साहेबांना तुझी आठवण येते. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

आहे तो लोभ जपून वापर, अजून बरेच महिने पुरवायचा आहे.

तुझे बाबा

८ जुलै

ती. बाबांस,

शि. सा. न. बाबा, तुम्ही माझा वास धुऊन टाकलात!

अहो, म्हणून तर माझे टीशर्ट पाठवले होते. फडकी काय आपल्या दुकानात कमी आहेत? चार-चार दिवस अंगात घालून, मुद्दाम न धुता पाठवले होते. साहेबांच्या नाकाला मी सापडावं म्हणून. आणि तुम्ही साबण लावलात, तोही दोनदा! चूक माझीच. तुमच्या हातात मळकं कापड पडणार आणि तुम्ही ते तसंच ठेवणार, असं मला वाटलं तरी कसं?

आधी मी इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वाफेची भट्टी बंद करून काय झालं विचारलं. मग जिन्यात जाऊन रडले. साडेवीस वाचून रडले, आणि तुम्ही खडूने रेघा मारत बसलेले डोळ्यांपुढे आलात म्हणूनही.

घट्ट झाकणाच्या डब्यात आणखी तीन पाठवते आहे. पाणी नाही, साबण नाही, इस्त्री नाही, खडू नाही. डबा उघडायचा आणि फाडायचं. डोळे मिटून फाडा हवं तर.

माया आहे तशीच असू द्या, तेवढी मात्र धुवायला काढू नका.

तुमची चिंगी

२१ जुलै

चि. चिंगीस,

अ. उ. आ. काल दुपारी डबा आला. साहेब मशीनच्या पायाशी निजले होते. झाकणाची एक कड उचलली मात्र, कुत्रा झोपेतून उभाच राहिला. भुंकला नाही, धावला नाही. सगळं अंग थरथरायला लागलं. मग डब्यात तोंड घातलं ते काढीचना. असा आवाज काढला त्याने, की मला कमी ऐकू येतं याचं बरं वाटलं.

मी फाडले गं. आयुष्यात पहिल्यांदा चांगलं कापड हाताने टरकावलं. कडा वाकड्यातिकड्या, दोरे लोंबतायत, अगदी लाजिरवाणं काम. जुन्या पट्ट्या सोडवून या गाठवल्या आणि चकत्या लपवून चटई खाली ठेवली. साहेबांनी नाक खुपसलं आणि कामाला लागले. एक चकती काढली, खाल्ली. दुसरी काढली. शेपूट हलायला लागलं. सगळ्या संपल्यावर स्वयंपाकघरात येऊन रिकाम्या ताटलीपुढे बसले आणि मी वाढलं तेवढं खाल्लं. ठकी खोक्यातून बघत राहिली, तिला काही मिळालं नाही.

आत्याला बोलावून दाखवलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मग माझीच कानउघाडणी केली, की जन्मभर धुतलंसच नुसतं.

डब्याचं झाकण मी लगेच लावलं नाही. माणसाला नाक नावापुरतंच असतं म्हणतात. पण तू आहेस एवढं मलाही कळलं.

आता वजन वाढेल. तू निर्धास्त काम कर. असे डबे पाठवत जा, साहेबांना तुझी आठवण येते.

लोभ आहेच, तो दूर राहून आटू देऊ नकोस.

तुझे बाबा

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. सातवा डबा सोबत आहे. तुमच्या चटयांची कीर्ती वाचून मजा वाटली. डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात एक लावली आणि आता गल्लीतले लोक आपापले मळके सदरे घेऊन तुमच्याकडे येतात! "न धुता आणावेत" अशी पाटी तुम्ही लावलीत हे मी इथे सगळ्यांना सांगितलं. कुणाचा विश्वास बसत नाही.

आता कामाचं. मार्चअखेर माझं वर्ष भरतं. काल मालकांनी बोलावून सांगितलं, की हात चांगला आहे, आणखी दोन वर्षं राहा, नवीन मुलींना शिकव. करार माझ्या टेबलाच्या खणात आहे. महिनाअखेर सही करून द्यायची.

साहेब आता बारा वर्षांचे होतील. दोन वर्षं म्हणजे त्यांच्यासाठी फार झाली, हे मला कळतं. म्हणून तुम्हाला विचारते आणि तुम्ही म्हणाल तसं करीन. साहेबांना माझ्यावाचून जमतंय का? जमत असेल तर सही करते. खरं लिहा.

तुमच्या मायेवर विसंबून आहे, उत्तराची वाट बघते.

तुमची चिंगी

१४ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

अ. उ. आ. तू खरं लिहा म्हणालीस, म्हणून चार दिवस घेतले.

साहेबांचं वजन साडेपंचवीस आहे. दोन्ही वेळा जेवतात. सकाळी चटई, दुपारी गोठवलेला भोपळा, संध्याकाळी टॉवेलची गुंडाळी, असा त्यांचा दिवस भरगच्च असतो. दाराकडे बघायचं त्यांनी दिवाणखान्यातली सावली सरकावी तसं हळूहळू सोडून दिलं. डब्याला अजून उड्या मारतात, पण नाही आला तरी उपाशी राहणार नाहीत. त्यांना जमतंय, चिंगे. छान जमतंय.

आता दुसरं. जुलैत, तुझा डबा यायच्या आधी, मी तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात साहेबांचं वजन एकोणीस लिहिलं होतं. ते वीसच्या वरच होते. एकोणीस वाचलंस की तू येशील, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाकीट चिकटवून टपालपेटीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. डबा आला त्या दिवशी ते पत्र फाडलं. साहेब जेवले म्हणून मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. पण जेवले त्याच घडीला कळलं, की तुला बोलवायला आता माझ्याकडे काही कारण उरलं नाही.

तेव्हा साहेबांसाठी येऊ नकोस. त्यांना जमतं. मला जमत नाही. "साहेबांना तुझी आठवण येते" असं इतके महिने लिहीत आलो, ती सगळी पत्रं काढून साहेबांच्या जागी मला घालून वाच.

सही करू नकोस असं मी म्हणत नाही. हात चांगला आहे हे ऐकून ऊर भरून आला. करायची तर जरूर कर. पण हे माहीत असून कर.

लोभ मागावा लागत नाही असं समजत होतो. आज मागतो आहे.

तुझे बाबा

२३ फेब्रुवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. पत्र काल मिळालं. आज सकाळी करार तसाच परत केला. मालक हळहळले, मग म्हणाले, दात सगळीकडेच पडतात, तुला तिकडेही काम मिळेल.

तुम्ही साहेबांचं सगळं लिहायचात, ठकीचं लिहायचात, आत्याचं लिहायचात. "ये" असं एकदाही लिहिलं नाहीत. इतक्या महिन्यांत एकदाही नाही. मला वाटलं, तुमचं माझ्यावाचून काही अडत नाही. म्हणून सही करणार होते, बाबा. दुसरं काहीच कारण नव्हतं.

एकतीस मार्चला निघते.

तुमची चिंगी