बेचाळीस मिनिटांचे चौदा कॉल

इंगोलश्टाट,
गुरुवार, १८ जुलै २०१३

ती. सौ. प्रभावन्सं यांस,

कुंदाचा नमस्कार. खरोखर वाकून केला आहे, इथे बघायला कुणी नाही म्हणून टाळला असं समजू नका. वासुदेवभाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? तुमचं बीपी विचारत नाही, कारण तुमची प्रकृती ठणठणीत असणार याची मला खात्री आहे. रविवारी सलग बेचाळीस मिनिटं हूं की चूं न करता एका जागी बसून राहायचं म्हणजे प्रकृती चांगलीच लागते. कुठली बेचाळीस मिनिटं, असा भाबडा चेहरा करू नका. पुढे येतंच आहे.

फोन हाताशी असताना कुंदाने पत्र का लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. मुद्दामच लिहिलं. कागद ऐकत नाही. (मी लिहिताना पुटपुटते ती गोष्ट वेगळी. तुमचे भाऊ म्हणायचे, कुंदा पत्र लिहीत नाही, स्वतःलाच सांगून लिहून घेते. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पुटपुटणं काही गेलं नाही.) इथे सध्या पेपरांत रोज एकच विषय आहे, कोण कुणाचे फोन चोरून ऐकतं. आमच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ क्र्योगर म्हणून बाई राहतात, मूळच्या येनाच्या, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या. त्यांनी सरळ आपला मोबाइल केकच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली आहे. त्या म्हणतात, त्यांच्या तरुणपणी तिकडे शेजारीच शेजाऱ्याचं ऐकायचा, हे काही त्यांना नवीन नाही. (हे सगळं निशिगंधाने मला मराठीत करून सांगितलं. सूनबाईंनी मधलं काही गाळलं असेल तर मला माहीत नाही, पण गाळलं असणार.) मला ती बाई आवडली. पुणे ट्रंक एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला दुसऱ्या सावध बाईची कदर असते.

आता मूळ गोष्ट. प्रसन्नच्या आर्बाइट्सत्सिमरमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या खोलीत, टेबलाखाली मोठ्या डब्याचा कॉम्प्युटर आहे आणि वर पडदा. पडद्यावर कॅमेरा बसवलेला आहे, पण आमच्या नातीने, अन्वीने, त्याच्यावर सफरचंदाचा रस सांडल्यापासून त्याला दिसतं, ऐकू येत नाही. आपल्या भजनी मंडळाचं रविवारचं भजन माझं चुकू नये म्हणून पोराने युक्ती काढली. स्वतःचा जुना स्मार्टफोन मला दिला, त्यात एक अ‍ॅप घातलं, कॉम्प्युटरमध्ये त्याचा जोडीदार घातला आणि म्हणाला, आई, आता हा फोनच कॉम्प्युटरचा माइक. तू फोनमध्ये गा, आवाज वायफायने कॉम्प्युटरमध्ये जाईल आणि तिथून स्काइपने आत्याकडे. मी विचारलं, वायर कुठाय? तो म्हणाला, वायर नाही. वन्सं, मी आयुष्यभर वायरी खुपसून लोकांना जोडलेलं आहे. पुण्याची वायर सोलापूरच्या भोकात गेली की सोलापूर बोलणार, हे मला डोळ्यांनी दिसायचं. इथे आवाज माझ्या तोंडातून निघून हवेत जाणार, आणि हवेतून नेमका आमच्याच कॉम्प्युटरमध्ये शिरणार, फ्राऊ क्र्योगरच्या नाही, हे कुणी ठरवलं? प्रसन्न हसला. गेनाऊ, म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. (हे लोक काही सांगायचं नसलं की गेनाऊ म्हणतात.) मी टेबलामागे वाकून बघूनसुद्धा आले. धूळ होती, बाकी काही नाही.

तेव्हापासून त्या फोनवर माझा विश्वास बसला नाही, आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्याला नजरेआड करायचं नाही हा माझा नियम. म्हणून अन्वीच्या शाळेच्या सहलीची, गळ्यात अडकवायची घोड्याच्या चित्राची पिशवी मी मागून घेतली आणि फोन त्यात घालून चोवीस तास गळ्यात ठेवला. स्वयंपाकघरात फोन, गॅलरीत फोन, बाथरूमबाहेर खुंटीला फोन. प्रसन्नने बजावलं होतं की फोनवर हिरवा ठिपका दिसला की माइक चालू. मी म्हटलं, हिरवा म्हणजे सगळं आलबेल. लाल असता तर सावध झाले नसते का?

परवाच्या रविवारी आपलं भजन झालं. (इथे रविवारी दुपारी आवाज करायचा नाही असा इमारतीचा कायदा आहे, म्हणून मी टाळ न वाजवता नुसते एकमेकांजवळ नेत होते, हे तुम्हाला दिसलंच असेल.) दोन वाजता मी सगळ्यांना नमस्कार करून पडद्याखालचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. टीव्ही बंद केला की टीव्हीतली माणसं गप्प होतात, एवढंच शास्त्र मला येतं. मी समजले, कॉम्प्युटर बंद झाला. नुसता पडदाच झोपला आणि खालचा डबा टक्क जागा आहे, हे मला कोण सांगणार? आणि मी गळ्यात घोडा घालून स्वयंपाकघरात गेले, कोशिंबिरीची काकडी चोचवायला.

मंगळवारी तुमचा फोन आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुम्ही म्हणालात, कुंदा, तुझ्या घराचं दार उघडून जरा वारा लावून आले, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, तुझ्या पलंगावरची चादर धुवायला नेली. वन्सं, मी सदतीस वर्षांपूर्वी तुमच्या घरात लग्न होऊन आले. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्या कुंडीला पाणी घातलेलं नाही. उलट माझी तुळस तिरकी वाढते म्हणून नावं ठेवलीत. आणि वर म्हणालात, हल्ली मी भजनाची पट्टी जरा खालचीच घेणार आहे बाई, वयाप्रमाणे वागावं. तुम्ही! वयाप्रमाणे! तुम्ही रागावलात तर मी बिनधास्त असते, तुम्ही गोड बोललात की मला धडकी भरते.

घरातलं बोलणं पुण्याला पोचतंय हे नक्की, मग पोचवतंय कोण? निशिगंधावर संशय घेतला, पण ती बिचारी आठवडाभर ऑफिसच्या कामात बुडालेली, स्वतःच्या आईला फोन करायला तिला सवड नाही तर तुम्हाला कुठून करणार? अन्वीवर घेतला, पण ती मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देते. तिने चुगली केली असती तरी तुम्हाला जा आणि नाइन, म्हणजे हो आणि नाही, यापलीकडे काय कळलं असतं? फ्राऊ क्र्योगरवर घेतला आणि लगेच मागे घेतला. प्रसन्नवर तर दोन दिवस पाळतच ठेवली. तो आत्याशी बोलतो का, कधी बोलतो, दार लावून बोलतो का, हे बघायला मी तीनदा त्याच्या खोलीत केर काढला. तो म्हणाला, आई, किती काम करतेस, बस ना. मला स्वतःचीच लाज वाटली, पण केर काढणं थांबवलं नाही.

काल संध्याकाळी उलगडा झाला. प्रसन्नने मला दाखवायला म्हणून स्काइपची यादी उघडली. प्रत्येक कॉल किती वेळ चालला ते तिथे लिहिलेलं असतं. रविवारचा कॉल सुरू साडेबाराला, बंद दोन बेचाळीसला. भजन संपलं दोनला. बाकीची बेचाळीस मिनिटं माझा घोडा स्वयंपाकघरातून पुण्याला बोलत होता, आणि भाऊजींनी क्रिकेटसाठी आणलेल्या त्या दोन मोठ्या स्पीकरांतून अख्खं मंडळ ऐकत होतं. वन्सं, आमच्या वेळी तीन मिनिटांचा एक ट्रंक कॉल धरायचे. बेचाळीस मिनिटं म्हणजे चौदा कॉल. चौदा कॉल तुम्ही चहा पीत ऐकलेत! समोर पडद्यावर तुम्हाला माझी रिकामी खुर्ची दिसत होती. म्हणजे लाइन उघडी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. ऑपरेटरने चुकून ऐकलं तर त्याची नोकरी जाते (आम्ही ऐकायचो, पण चुकून ऐकल्यासारखं दाखवायचो, आणि तीन मिनिटांच्या वर कधीच नाही). तुम्हाला एक बटण दाबता आलं नाही?

मी निशिगंधाला काय काय सांगितलं ते आता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. वन्सं भजन काळी चारमध्ये धरतात आणि अंतऱ्याला कुठल्या गावाला पोचतात ते त्यांनाच माहीत नसतं, मी पेटी घेऊन मागून धावत असते, हे मी बोलले. मालिनी टाळ वाजवत नाही, भांडी घासते, हेही बोलले. माझ्या पाठीमागे मालिनीला पेटीवर बसवलं तर पंचविसाव्या वर्षीच मंडळ बंद पडेल, हे तर दोनदा बोलले. नाकारत नाही. पण मला एक सांगा, पेटीच्या पेटाऱ्याची किल्ली माझ्या पर्समध्ये इथे जर्मनीत आहे, मग रविवारी मागून जे सूर ऐकू येत होते ते कशाचे? कुलूप फोडलंत का मालिनीने स्वतःची आणली? विचारलं की म्हणता, टीव्ही चालू असेल. टीव्हीवर कुणी पंचमावर एवढं अडखळत नाही.

आणि त्यानंतर निशिगंधा अन्वीला घेऊन खाली गेली, तेव्हा मी एकटीच काकडी चोचवत जे काही पुटपुटले, तेही तुम्ही ऐकलंत. ते ऐकल्यावरच तुम्ही कॉल कापलात, असं मला वाटतं. म्हणूनच कुंड्यांना पाणी. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

बाकी सर्व क्षेम. प्रसन्न, निशिगंधा, अन्वी मजेत आहेत. पुढच्या शनिवारी बोटीने डॅन्यूब, त्याच्या पुढे एक किल्ला, त्याच्या पुढे तळं. भाऊजींना नमस्कार. चौदा कॉलांचा राग मनात आहेच, तो तुम्ही वाचताना वजा करू नये.

तुमची,
कुंदा

ता. क. खरं तर हे पत्र एवढ्यासाठीच. मला घरी यायचं आहे, वन्सं. तुम्ही ऐकलंच आहे. सतरा ऑगस्टला, श्रावणातल्या शनिवारी, मंडळाचा पंचविसावा वाढदिवस, आणि माझं तिकीट पंधरा सप्टेंबरचं. पंचवीस वर्षांत पेटीवर एकदाही दुसरं कुणी बसलेलं नाही. पण प्रसन्नला कसं सांगू? रोज ऑफिसातून आल्या आल्या पोरगा विचारतो, आई, बरं वाटतंय ना इथे? मी म्हणते, झकास! त्याने तीन महिन्यांचा एकेक शनिवार माझ्यासाठी आखून भिंतीवर लावलाय. आणि मी सकाळी आठ ते चार या शांत घरात बसून कुणी माझ्यावर ओरडेल का याची वाट बघते. खरं सांगितलं तर त्याला वाटेल, आईला आपण सुख देऊ शकलो नाही. म्हणून असं करा. चार ऑगस्टच्या रविवारी भजन झालं की मी पुन्हा नुसता पडदा बंद करेन आणि स्पीकर मोठा ठेवेन. प्रसन्न त्याच खोलीत अन्वीचं कपाट जोडत बसलेला असेल. तुम्ही लाइन उघडी आहे हे ठाऊक नसल्यासारखं मालिनीशी मोठ्याने बोला, की कुंदाशिवाय पेटी अडली, आता मंडळ कसं उभं राहायचं, पण प्रसन्नला कसं सांगावं बाई. चोरून ऐकणं तुम्हाला जमतं, आता चोरून ऐकवणंही जमवा. त्याच्या बदल्यात पेटीची किल्ली पाकिटात घालत आहे. तोवर मालिनीला वाजवायचं तर वाजवू दे.

ता. क. २. घात झाला. एवढं लिहून झालं आणि प्रसन्न चार्जर घेऊन आला (आज तो घरूनच काम करतोय). म्हणाला, आई, बॅटरी चार टक्क्यांवर आलीय, फोन चार्जिंगला लाव. मी हो म्हटलं आणि मग माझ्या लक्षात आलं. फोन घोड्याच्या पिशवीत, पिशवी पत्राशेजारी टेबलावर, तोंड बंद. मग त्याला चार टक्के कुठून कळले? फोनची बॅटरी दिसते ती फक्त त्याच्या कॉम्प्युटरवर, माइकच्या खिडकीत. पिशवी उघडली. हिरवा ठिपका. स्काइप बंद असला की माइकही बंद, अशी माझी समजूत होती. म्हणजे पहिल्या नमस्कारापासून मी जे जे पुटपुटत लिहिलं ते पोराने पलीकडच्या खोलीत बसून ऐकलं, आणि त्यानेही बटण दाबलं नाही. तुमचाच भाचा! चार्जरखाली एक छापलेला कागद होता. म्युनिक ते मुंबई, बारा ऑगस्ट, खिडकीची जागा. तो म्हणाला, आई, यापुढे झकास म्हणायचं नाही, जे असेल ते सांगायचं. मग नाक पुसून म्हणाला, आत्याची पट्टी खरंच एवढी चढते का गं? मी रडत होते, त्यातच हसायला आलं.

ता. क. ३. चार ऑगस्टचं नाटक रद्द समजावं. पाकिटाचा कोपरा फाडून पुन्हा चिकटवलेला दिसेल, त्यावरून पत्र कुणी उघडलं असा संशय घेऊ नका, मीच किल्ली काढून घेतली. पेटी मी आल्यावरच उघडायची. आणि पट्टीबद्दल जे बोलले ते मागे घेत नाही, सतराच्या आत तालमीला बसू, समोरासमोर काय ते भांडू.