ओटीतली गुटी

लिंबागणेश
९ एप्रिल २०२५

चि. वनमालास केशरआत्याचे अनेक आशीर्वाद.

कानांनी दगा दिल्यापासून फोन माझ्या कामाचा राहिला नाही, म्हणून हा कागद. लोक गाई पाळतात, माझी भाची पुण्यात डाळिंबाचा रोग पाळते, असं मी इथं सगळ्यांना सांगते! तू तपासायला मागितलेली पानं पाठवते आहे. तुझ्या आजीनं डाळिंबाच्या फांदीला माती बांधून, मुळं फुटल्यावर कापून माझ्या ओटीत घातलेली गुटी परसात लावली, तिचंच हे झाड. एक डाग दाखव त्यावर.

स्वप्नालीचं लग्न आठ मेला. रीतीप्रमाणे तिच्या ओटीतही याच झाडाची मुळं फुटलेली गुटी जाईल. यंदा हौसेनं एकवीस केल्यात, पाहुण्या बायकांनाही होतील. व्याह्यांची आष्टीकडं डाळिंबाची आठशे झाडं आहेत, सारा प्रपंच त्यांच्यावर. लेक चांगल्या घरी पडते आहे. तू चार दिवस आधी ये, आणि आत्याला विसरू नकोस.

तुझी,
केशरआत्या

पुणे
१ मे २०२५

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

आत्या, हे बसून वाच. तेल्या रोगाच्या जिवाणूतलं एक जनुक मी काढून टाकलं. तसा जिवाणू पानात टोचला की झाड त्याला ओळखतं आणि जागीच अडवतं. जनुक असलेला टोचला तर झाडाला पत्ताच लागत नाही. आठ दिवसांत तेलाचं बोट लागावं तसे ठिपके उठतात.

तुझ्या पानांत तो जिवाणू निघाला, जनुकासकट. आज पान नितळ दिसतं, पण पावसाळी हवा लागली की तो उठेल. कात्रीवरूनसुद्धा पसरतो. एकही गुटी कुणाला देऊ नकोस, जाळून टाक. लग्नाच्या तोंडावर स्वप्नालीला घाबरवत नाही, तुझ्यावर सोडते. मला फार भीती वाटते आहे. सुट्टी मिळत नाही, लग्नाला येता येणार नाही. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
वनमाला

लिंबागणेश
१२ मे २०२५

चि. वनमालास आशीर्वाद.

तुझा कागद वाचून दोन दिवस घास उतरला नाही. रोपं खड्ड्यात घालून जाळली. बायकांच्या ओटीत नारळ घातले. शेजारच्या कडूबाईनं मांडवातच विचारलं, केशर, रोपं कावून दिली न्हाईत म्हणून. उन्हानं वाळली, असं सांगून सुटले. लेकीची पाठवणी नीट झाली. आता तू काळजी करू नकोस, मलाही जास्त काही विचारू नकोस. तब्येतीला जप, माया ठेव.

केशरआत्या

मु. पो. आष्टी
१८ सप्टेंबर २०२५

ती. आईस स्वप्नालीचा सा. न. वि. वि.

तू पान न् पान धुऊन माझ्या ओटीत घातलेलं रोप जगलं बरं का! वनूताईला सांगू नकोस म्हणालीस, अजून सांगितलेलं नाही. तुमचं काय बिनसलंय देव जाणे.

सासऱ्यांनी ते बागेत मधोमध लावलंय. गौरी उठल्यावर छाटणी सुरू केली, तर सुनेचं झाड मानाचं म्हणून पहिली कात्री त्यालाच लावली. मला लई भरून आलं. त्याच कात्रीनं पुढची बाग धरली, आता होतच आली. पाऊस मात्र रोज लागून आहे.

एक विचारायचं होतं. काल रोपाच्या पानांमागं तेलकट बोट लागल्यासारखे बारीक ठिपके दिसले. तळणाच्या हातानं मीच धरलं असेल म्हणून पुसले, पण जाईनात. शेजारच्या ओळीतही तसेच आहेत. सासऱ्यांना अजून बोलले नाही. तू काय लावायचीस ते लिही, आणि माझ्यावरची माया अशीच असू दे.

तुझी लेक,
स्वप्नाली