पुतळ्याचा कोमट अंगठा

प्रिय थोरा,

एडिनबरात मी मजेत आहे. लापशीत मीठ तेवढं कमी घालतात. तू गुडघा शेकतेस ना?

काल चमत्कार न मानणाऱ्या एका तत्त्ववेत्त्याचा ब्राँझचा पुतळा पाहिला. एवढ्या थंडीत उघड्या छातीनं, नुसती चादर गुंडाळून बसलाय. परीक्षेआधी पोरं नशिबासाठी त्याच्याच पायाचा अंगठा चोळतात. मी हसलो, मग मुकाट रांगेत उभा राहिलो.

पुढची पोरगी म्हणाली, "हातमोजा काढा आजोबा, नाहीतर लागू पडत नाही. परीक्षा कधी?"

"शुक्रवारी." माझ्या ऑपरेशनचं तिला कशाला सांगू?

अंगठा पोरांच्या हातांनी कोमट झाला होता. तुझाच हात धरल्यासारखं वाटलं, म्हणून लवकर सोडला नाही.

तुझा म्हातारा,
एरलेंड